धागा: मूर्ती कधी हलवायच्या? संभाव्यतेचं झाड काढून हे ठरतं का?

मातीचा_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

घरचा गणेशमूर्तींचा व्यवसाय आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीला लागून शेड. दिवसा मी एका ऑफिसात हिशेब लिहितो, संध्याकाळी शेडमध्ये ब्रश धरतो. आषाढ लागला की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद: पुराच्या भीतीनं माल हलवायचा का, आणि हलवायचा तर कधी. आबा म्हणतात पाणी बघून हलवू. दादा म्हणतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात हलवून मोकळं होऊ. वहिनी म्हणतात, तुमचं काय ते ठरलं की सांगा, म्हणजे जेवणाचे डबे कुठं पाठवायचे ते मला कळेल.

यंदा मी कागदावर झाड काढलं. म्हणजे ट्री डायग्राम, शाळेत दोन नाण्यांचं काढायचो तसं. आकडे असे:

जुलैच्या मध्याला शेडमध्ये साधारण ६ लाखांचा माल असतो. पाणी शिरलं तर लाखभराचा पोटमाळ्यावर वाचतो, ५ लाखांचा जातो. आधीच हलवला तर मंगल कार्यालयाचं भाडं, टेम्पो, हमाली, मोडतोड आणि नंतरची रंगाची डागडुजी धरून ६० हजार. आमच्या शेडमध्ये पाणी यायला पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४८ फूट तरी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ ला आलं. २०२४ ला गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलं. वीसेक वर्षांत तीनदा, म्हणून १५ टक्के धरले.

न हलवल्यास ५ लाखांचे १५ टक्के, म्हणजे ७५ हजार. हलवल्यास ६० हजार. म्हणजे दादा बरोबर.

आबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "पंचाहत्तर हजार कधी जातात रे? गेले तर पाच लाख जातात, नाहीतर रुपया पण जात नाही."

याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. पद्धत बरोबर आहे का? आणि घरातल्या खर्चाच्या, रोजच्या गोष्टींत तुम्ही कुणी असं काही वापरता का?

कट_जास्त

झाड काढलंस ते लई भारी केलंस भावा. पूर आला की चढून बसायला कामाला येईल.

उद्यमनगरी

पद्धत ठीक, पण मोजणी कुठून सुरू केलीस बघ. २००५ पासून, म्हणजे बरोबर पुराच्या वर्षापासून. तीच २००६ पासून कर. वीस वर्षांत दोनदा, १० टक्के, म्हणजे ५० हजार. आता आबा बरोबर. एक वर्ष इकडचं तिकडं केलं आणि उत्तर उलटं झालं, तर त्या उत्तरावर टेम्पो सांगायचा का?

आमच्याकडं कारखान्यात जॉब, म्हणजे बनवलेला नग, रिजेक्ट व्हायचं प्रमाण काढायला हजार-हजार नग हाताखालून जातात, तेव्हा कुठं टक्केवारीला अर्थ येतो. तुझ्याकडं तीन नग आहेत.

मी तुझ्या जागी असतो तर उलटं विचारलं असतं. ६० हजार भागिले ५ लाख, म्हणजे १२ टक्के. पुराची शक्यता बारा टक्क्यांच्या वर वाटते की खाली, एवढंच ठरवायचं. नेमका आकडा कुणाला हवाय?

बावडेकर

@उद्यमनगरी, "वाटते" यावरच तर घोडं अडतं. २००५ नंतर एकदम २०१९ ला आला. मध्ये चौदा वर्षं. तेव्हा आमच्या गल्लीत जो तो सांगत होता, आता चौदा वर्षं बिनघोर. लोकांनी त्या भरवशावर तळमजल्याला फरशी घातली, फर्निचर केलं. दोन वर्षांत २०२१ आला आणि तो आधीच्यापेक्षा वर गेला, छप्पन फुटांच्या पुढं. मग तेच लोक म्हणायला लागले, आता एक वर्षाआड येणार.

शिकवणी_राजारामपुरी

बावडेकर म्हणतात तो घोळ माझ्या वर्गात दरवर्षी होतो. नाणं पाच वेळा छापा पडलं की मुलं म्हणतात आता काटा पडायलाच पाहिजे. नाण्याला मागचं आठवत नसतं. पावसाचं अगदी तसं म्हणता येणार नाही, पण नदी चौदा वर्षांची रजा लिहून देत नाही एवढं नक्की.

आता धागाकर्त्याच्या झाडाबद्दल. त्यात दोनच फांद्या आहेत: आधी हलवा किंवा हलवूच नका. पण आबा "हलवू नका" म्हणतच नाहीत, ते "बघून हलवू" म्हणतात. ती फांदी कागदावर आलेलीच नाही आणि तुम्ही त्यांना हरवलेलं दाखवताय.

अशा झाडात दोन तऱ्हेच्या गाठी असतात. जिथे आपण ठरवतो तिथे चौकोन काढायचा, जिथे नशीब ठरवतं तिथे गोल. तुमचा पहिला चौकोन जुलैचा पहिला आठवडा. पण इशारा पातळी (३९ फूट) आली की दुसरा चौकोन येतो, धोका पातळीला (४३ फूट) तिसरा. मधल्या काळात तुम्हाला नवी माहिती फुकट मिळते, ती वापरायची की नाही हा तुमचा प्रश्न आहे.

टक्के आणि दशांश बाजूला ठेवा, शंभर पावसाळे धरा. आबांना पण दाखवता येईल. तुमच्या अंदाजानं शंभरात किती पावसाळ्यांत ३९ ओलांडतं, कितींत ४३, ते सांगा. आणि त्या त्या वेळी हलवायला खर्च किती?

मातीचा_माणूस

धन्यवाद ताई. सुरुवातीच्या वर्षाचा मुद्दा पण पटला @उद्यमनगरी.

घरात बसून अंदाज केला. शंभरात साठ पावसाळ्यांत ३९ ओलांडेल, तिसात ४३, पंधरात ४८. हा आमचा अंदाज आहे, कुठला सरकारी तक्ता नाही.

३९ झाल्यावर हलवलं तर दर चढलेले असतात, ९० हजार पडतात. ४३ झाल्यावर लाख. आणि तेव्हा सगळं हलवून होईलच असं नाही. ३९ ला सुरुवात केली तर पाचात एकदा फसेल, ४३ ला केली तर तिनात एकदा.

पेठेतली_आक्का

झाडाचं वाचून नलोपाख्यान आठवलं. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना एका बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि पानं किती, फळं किती ते नळाला सांगतो. नळाला पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजून बघतो, तर बरोबर. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, म्हणजे फाशांची विद्या, आणि नळ हरलेलं राज्य परत मिळवतो. महाभारतात वनपर्वात आहे. थोडं बघून सगळ्याचा अंदाज करणं आणि जुगार कळणं ही एकच विद्या, हे आपल्याकडं तेव्हाच माहीत होतं असं मला वाटतं.

नळानं त्यासाठी झाड तोडलं ते मात्र बरं केलं नाही.

कट_जास्त

आक्का, नळ कोल्हापूरचा असणार. सांगितलेलं ऐकायचं नाही, रथ थांबवून खातरजमा करायची.

शिकवणी_राजारामपुरी

हे घ्या झाड:

१०० पावसाळे
├─ ४० : पाणी ३९ फुटांच्या आतच
└─ ६० : इशारा पातळी ओलांडली (३९)
　　├─ ३० : ४३ च्या आत उतरलं
　　└─ ३० : धोका पातळी ओलांडली (४३)
　　　　├─ १५ : ४८ च्या आत उतरलं
　　　　└─ १५ : शेडमध्ये पाणी

आता शंभर पावसाळ्यांचा एकूण खर्च काढू.

जुलैतच हलवलं: शंभरदा ६० हजार, ६० लाख.
कधीच नाही हलवलं: पंधरादा ५ लाख, ७५ लाख.
३९ ला हलवलं: साठदा ९० हजार म्हणजे ५४ लाख. शिवाय पंधरा पुरांत तीनदा फसलं, १५ लाख. एकूण ६९ लाख.
४३ ला हलवलं: तीसदा १ लाख म्हणजे ३० लाख. पंधरा पुरांत पाचदा फसलं, २५ लाख. एकूण ५५ लाख.

म्हणजे वर्षाला सरासरी ५५ हजार. आबा पहिले, दादा दुसरे.

फसलेल्या वेळी पाचाचे पाच लाख जातील असं धरलंय. थोडंफार हलवून झालेलं असेल तर आबा आणखी पुढं जातील.

मातीचा_माणूस

ताई, आबांना दाखवलं. म्हणाले, हे मी तीस वर्षं सांगतोय, त्याला कागद कशाला लागतो. दादा जेवला नाही.

सध्या_पुण्यात

दादाची बाजू घेतो. सगळं गणित "तिनात एकदा फसेल" यावर उभं आहे. ते दोनात एकदा केलं तर पंधरात साडेसातदा फसतं, साडेसदतीस लाख, एकूण साडेसदुसष्ट. मग दादा जिंकला. पलटी कुठं होते तेही काढता येतं: पंधरा पुरांत सहादा फसलात तर दोघांचं सारखंच, साठ-साठ लाख.

म्हणजे वाद पाण्याचा नाहीच. ४३ फूट झाल्यावर टेम्पो आणि माणसं मिळतात का, हा वाद आहे. नदी किती चढणार हे आबांच्या हातात नाही, टेम्पो थोडाफार आहे.

अवांतर: मी इकडं नवीन वॉशिंग मशीन घेताना हेच केलं. वाढीव वॉरंटीचे साडेतीन हजार मागत होते. मोठा बिघाड आला तर सात हजार धरले. म्हणजे त्या काळात बिघडायची शक्यता निम्म्याच्या वर असेल तरच परवडतं. आणि निम्म्याच्या वर शक्यता असेल तर ते मशीनच कशाला घ्यायचं? विक्रेता म्हणाला, सर, तुम्ही फार विचार करता.

रंकाळा_वारा

वॉरंटीवरून: आमच्या हिनं मिक्सरची घेतली होती. मिक्सर बिघडला तेव्हा कार्ड सापडेना. ही फांदी झाडात धरा.

प्रयाग_चिखली

धागाकर्त्याला एक सांगतो, राग मानू नका. तिनात एकदा हा आकडा शेडमध्ये बसून काढलेला दिसतोय.

आमचं गाव संगमावर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्यांचं पाणी आमच्यापाशी एक होतं. तुमच्याकडं बंधाऱ्यावर आकडा वाचतात तोवर आमच्या रानात काय चाललेलं असतं ते आम्हाला विचारा. चारी नद्यांवर एकच पाऊस पडतो. एक चढली आणि तीन शांत, असं क्वचित. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. कुणाला फोन करून थांबवता येत नाहीत.

माणसांचं पण तसंच असतंय. तुमचा हमाल कुठं राहतो? नदीकडच्या गल्लीत. धोका पातळी आली की तो पहिल्यांदा स्वतःची पोरं आणि म्हैस हलवणार, मग तुमचा गणपती. टेम्पोवाल्याला त्याच दिवशी पन्नास फोन. शिरोलीला हायवेवर पाणी आलं की बाहेरचा टेम्पो येणारच नाही. ताई, तुम्ही वर्गात शिकवत असाल, दोन गोष्टी वेगवेगळ्या असल्या की त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करायचा. इथं काहीच वेगळं नाही. सगळं त्याच एका पावसात अडकलेलं असतं.

आम्ही २०१९ ला ट्रॅक्टर भरून जनावरं सोनतळीला नेली. शेजारचा थांबला, म्हणाला उतरेल. त्याला बोटीनं काढला.

शिकवणी_राजारामपुरी

काका, तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे. गुणाकाराचा नियम स्वतंत्र घटनांचा, आणि पुरात स्वतंत्र काहीच राहत नाही. म्हणून झाडाच्या फांदीवर जो आकडा लिहायचा तो "आधीचं घडलं असं धरून पुढचं" असा लिहायचा. टेम्पो एरवी मिळतो का हा प्रश्न नाही. ४३ फुटांवरून पाणी चढतच चाललंय त्या संध्याकाळी मिळतो का, हा प्रश्न. धागाकर्त्यांनी तो वेगळा विचारून घ्यावा.

थोडा इतिहास सांगते, कारण आबांचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. हे सरासरीचं गणित सुरू झालं १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा या दोघांच्या पत्रांतून. प्रश्न जुगाराचा होता. दोघांनी ३२-३२ नाणी लावलीत, आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी. एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मध्येच थांबला. वाटणी कशी करायची? पास्कल म्हणतो, पुढचा डाव पहिला जिंकला तर त्याला ६४. हरला तर दोन-दोन बरोबरी, म्हणजे त्याचे ३२ तर कुठं जात नाहीत. उरलेल्या ३२ चे निम्मे. म्हणून ४८ आणि १६. कागदावर काढलं तर हे दोन फांद्यांचं झाडच आहे.

कट_जास्त

खेळ मध्येच का थांबला ते आम्हाला विचारू नका. पोलीस आल्यावर ४८-१६ करत कोण बसतंय, जो तो आपलं उचलून पळतंय.

बावडेकर

माझ्या मते मूळ कारण कर्नाटकातलं आलमट्टी धरण आहे. त्यांनी पाणी वेळेत सोडलं तर ना झाड लागतं ना टेम्पो.

रंकाळा_वारा

@बावडेकर, सगळं आलमट्टीवर ढकलू नका. आपण नदीच्या पात्रात भराव टाकून बांधलेलं काय मग?

बावडेकर

भराव कुणी टाकला ते पण बोला की.

व्यवस्थापक

आलमट्टी आणि पूररेषेवर वेगळे धागे आहेत. तिकडं बोला. इथं मूर्ती आणि गणित.

सध्या_पुण्यात

आबांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आबांच्या बाजूनं आहे. सरासरी शंभर पावसाळ्यांची असते, आबांना एकच पावसाळा काढायचा असतो. ज्याच्याकडं पन्नास शेड आहेत त्याला सरासरी चालते. एकच शेड असलेल्याला पाच लाख गेले की पुढच्या वर्षीची माती उधारीवर.

हे डॅनिएल बर्नुलीनं १७३८ मध्ये मांडलंय. त्याचं उदाहरण असं: पीटर्सबर्गच्या व्यापाऱ्यानं ॲमस्टरडॅमहून १०,००० रुबलचा माल मागवलाय. शंभरात पाच जहाजं बुडतात. विमा ८०० रुबल मागतो. सरासरी नुकसान ५०० चं, म्हणजे विमा महागच. तरी बर्नुली म्हणतो, ज्याच्याकडं बाकीची पुंजी साधारण ५,०४३ रुबलच्या खाली आहे त्यानं विमा घ्यावा. शिवाय माल एकाच जहाजात भरण्यापेक्षा दोन जहाजांत अर्धा-अर्धा भरलेला बरा, हेही तोच सांगतो.

@मातीचा_माणूस, तुझं दुसरं जहाज कुठलं?

प्रीमियम_भरला

विम्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी या धंद्यात आहे हे आधीच कबूल, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. लहान व्यवसायांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं ठरावीक शब्दांतच मिळते आणि त्यात पूर येतो. मूर्तिकारांनी दोन गोष्टी बघायच्या. एक, विम्याची रक्कम जुलै-ऑगस्टमधल्या मालावर धरा, मार्चमधल्या रिकाम्या शेडवर नको. दोन, तयार मूर्ती आणि अर्धवट मूर्ती दोन्ही लिहून घ्या. कच्च्या मालाची बिलं शेडमध्ये ठेवू नका, ती पण भिजतात.

पाणी ३९ ला आल्यावर मला फोन करणारे दरवर्षी असतात. त्यांना मी चहा पाजतो.

उद्यमनगरी

@प्रीमियम_भरला, पैसे मिळतील पण भाद्रपदात मूर्ती मिळणार नाही. मंडळानं वैशाखात आगाऊ दिलेली असते. त्यांना क्लेमचा फॉर्म दाखवायचा का?

पेठेतली_आक्का

हे मात्र खरं. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याकडं गेलं की पुढच्या वर्षी पण तिकडंच जातं. ते पाच लाखांत धरलेलं दिसत नाही.

कट_जास्त

माझा पण एक प्रश्न. रविवारी सकाळी मिसळीला गेलं तर अर्धा तास रांग. नऊच्या आधी गेलं तर रांग नाही, पण शंभरात चाळीसदा मला जाग येत नाही. झाड काढून द्या कोण तरी.

रंकाळा_वारा

एकच फांदी: घरी कर.

कट_जास्त

घरी कट जास्त मिळत नाही हो.

मातीचा_माणूस

सगळ्यांचं वाचून चार-पाच दिवस फोन केले. आता ऐका.

काकांचं (@प्रयाग_चिखली) बरोबर निघालं. नेहमीचा टेम्पोवाला म्हणाला, ४३ ला फोन केलात तर बघू. "बघू" म्हणजे काय ते आपल्याला कळतं. मग विसाराचं विचारलं. जुलैच्या सुरुवातीला ५ हजार, पाणी आलं नाही तर ते त्याचे, आलं तर पहिली खेप आमची. तो तयार आहे. आणि तो नदीकडचा नाही, पाचगावचा आहे, हे मुद्दाम बघितलं. हमाल मिळाले नाहीत तर दादाचे तालमीतले दोस्त आहेत, एकाला सोडून सगळे वरच्या भागात राहतात.

याच्यानं फसण्याचं प्रमाण पंधरात पाचवरून दोनवर येईल असं धरलं. शंभर पावसाळ्यांचा विसार ५ लाख, हलवणं ३० लाख, दोनदा फसलं १० लाख. एकूण ४५ लाख.

दुसरं जहाज पण सापडलं. घरगुती लहान मूर्ती, एक फुटाच्या आतल्या, नुकसानीच्या पाच लाखांत दोन लाखांच्या आहेत. त्या क्रेटमध्ये बसतात, मोडतोड जवळजवळ नाही. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त संपले की कार्यालयं मोकळीच पडतात, कार्तिकापर्यंत कुणी विचारत नाही, त्यामुळं भाडं पण कमी. लहान मूर्ती जुलैतच हलवायला २० हजार. मोठ्या मूर्ती शेडमध्येच ठेवायच्या, कारण त्यांचं रंगकाम तिथंच होतं आणि डोळ्यांची आखणी झाल्यावर हलवायला आबा कुणाला हात लावू देत नाहीत. ४३ झालं तर तेवढ्याच हलवायच्या, ६० हजार. शंभर पावसाळ्यांचं: २० लाख, १८ लाख, विसार ५ लाख आणि दोनदा फसलं तर ३ लाखांप्रमाणे ६ लाख. एकूण ४९.

म्हणजे वर्षाला सरासरी चार हजार जास्त, पण वाईटात वाईट वेळी पाचाऐवजी तीन लाख जातात. आबांना आणि दादाला दोन्ही कागद दिले, कुणाचा कुठला ते न सांगता. दोघांनी दुसरा उचलला. दादा म्हणतोय, जुलैत हलवायचं मीच सांगत होतो. आबा म्हणतायत, मोठ्या पाणी बघूनच हलवणार आहोत ना.

विमा वेगळा घेतोय, @प्रीमियम_भरला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

उद्यमनगरी

चार हजारात घरातली शांतता. स्वस्त आहे. पण "पंधरात दोन" हा आकडा पण शेडमध्ये बसूनच काढलायस. टेम्पोवाल्यानं आणखी किती जणांकडून विसार घेतलाय ते विचारलंस का?

मातीचा_माणूस

विचारलं. म्हणाला, "तुमच्यासारखे दोघं." पहिली खेप कुणाची ते चिठ्ठीवर लिहून घेतलंय.

शिकवणी_राजारामपुरी

चिठ्ठी पावसाळ्यानंतरही जपून ठेवा. आणि एक सुचवते. ३९ कधी झालं, ४३ कधी, त्यात किती तास गेले, टेम्पो किती वाजता आला, हे दरवर्षी एका वहीत लिहा. उद्यमनगरींच्या भाषेत तुमचे नग वाढतील.

प्रयाग_चिखली

रात्री पाणी चढतंय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. एवढंच. आणि मोठ्या मूर्ती टेम्पोत नुसत्या गवतावर ठेवता की फळीवर?

मातीचा_माणूस

फळीवर, काका. बारा इंची आहेत. तीन फुटी मूर्तीचा पाट बाहेर येतो, म्हणून कडेला पोत्याचा बोळा लावतो.

प्रयाग_चिखली

अठरा इंची घ्या. आमच्याकडं दोन पडून आहेत, येऊन घेऊन जा.